वर्कशॉपचं शेड बांधताय? ब्रेसिंगचा विचार पत्र्याच्या रंगाआधी करा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या भाड्याच्या गाळ्यात बरीच वर्षं काढल्यावर मला गोकुळ शिरगावला स्वतःचा प्लॉट मिळाला. शेड म्हणजे खांब, कैची आणि वर पत्रा, एवढीच माझी समजूत होती. त्या समजुतीची किंमत मी मोजली. त्यानंतर दुसरं शेड बांधलं, ओळखीच्या चार-पाच जणांच्या शेडच्या कामात सोबत उभा राहिलो, आणि प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न, त्याच चुका दिसल्या. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

मी सिव्हिल इंजिनियर नाही, मशिन शॉप चालवतो. डिझाइन इंजिनियरनंच करायचं. पण त्याला कोणती माहिती द्यायची, काय विचारायचं आणि साइटवर कशावर नजर ठेवायची, हे मालकाला कळलंच पाहिजे. उदाहरणादाखल १५ मीटर रुंद, ३० मीटर लांब आणि बाजूला ६ मीटर उंच शेड धरतो. आपल्याकडच्या छोट्या कारखानदाराचं शेड साधारण याच्याच आसपास असतं.

१. आधी चार पट्ट्यांचा प्रयोग करा

भंगारातल्या चार सारख्या लांबीच्या पट्ट्या घ्या. चौकोन करून प्रत्येक कोपऱ्यात एकेक नटबोल्ट लावा. आता एका कोपऱ्याला बोट लावून ढकला. चौकोन लगेच कलंडतो. पट्टी वाकत नाही, बोल्ट तुटत नाही, तरी आकार मोडतो. आता एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात पाचवी पट्टी तिरपी लावा आणि पुन्हा ढकला. जागचं हलत नाही, कारण आता दोन त्रिकोण झाले. त्रिकोणाची बाजू लांब किंवा आखूड झाल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही.

ती पाचवी पट्टी म्हणजे ब्रेसिंग. शेडच्या रुंदीच्या दिशेनं खांब आणि राफ्टर (छताची तिरपी तुळई) यांचा जोड कडक असतो, म्हणून ती फ्रेम स्वतःच्या ताकदीवर उभी राहते. लांबीच्या दिशेनं मात्र एकामागे एक उभ्या केलेल्या या फ्रेमा म्हणजे ओळीनं उभे केलेले पत्ते. त्यांना धरून ठेवतं ते ब्रेसिंगच.

शेडच्या टोकाच्या भिंतीवर वारा आदळला की तो जोर पत्र्यातून भिंतीच्या खांबांत, तिथून छताच्या पातळीवर, छतातल्या तिरप्या ब्रेसिंगमधून बाजूच्या भिंतीकडे, तिथल्या ब्रेसिंगमधून बेस प्लेटवर (खांबाच्या तळाची जाड प्लेट), तिच्या बोल्टमधून काँक्रीटच्या पायात आणि शेवटी जमिनीत उतरतो. ही वाट कुठेही तुटता कामा नये. छतात ब्रेसिंग आहे पण त्याच गाळ्यात भिंतीला नाही, तर जोर छतापर्यंत येऊन अडकतो आणि ज्या भागाचं ते काम नाही अशा भागावर जातो. (गाळा म्हणजे इथे दोन फ्रेममधलं अंतर. इंजिनियर त्याला बे म्हणतात.)

२. गेट, मशिनी आणि क्रेन आधी कागदावर बसवा

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि बहुतेक जण हीच सोडतात.

इंजिनियर भिंतीचं ब्रेसिंग एखाद्या गाळ्यात दाखवतो. शेड उभं राहतं. मग लक्षात येतं की टेम्पो नेमका त्याच बाजूनं आत घ्यायचाय, कारण रस्ता तिकडे आहे. गॅस कटर येतो, दोन अँगल खाली उतरतात, शटर बसतं. त्या दिवशी काहीच होत नाही. शेड उभंच दिसतं, त्यामुळे तो अँगल बिनकामाचा होता असं सगळ्यांना वाटतं. शिरोलीच्या एका ओळखीच्या शेडमध्ये मी पाहिलं, एका बाजूचं ब्रेसिंग असंच कापलेलं होतं. वारा सुटला की शटर गाइडमध्ये अडकायचं. मालक दरवेळी शटरवाल्याला बोलावायचा. दुखणं शटरचं नव्हतंच, शेड डोलत होतं.

म्हणून ग्राफ पेपर घ्या आणि यावर खुणा करा:

- टेम्पो आणि ट्रक कुठून येणार, गेटची रुंदी-उंची किती
- प्रत्येक मशिनचं वजन आणि जागा
- क्रेन लावायची असेल तर किती टनाची. आज नको असेल पण तीन वर्षांनी हवी असेल, तरी आजच सांगा
- पोटमाळा, ऑफिस किंवा पाण्याची टाकी कुठे येणार
- भिंत विटांची किती उंचीपर्यंत आणि पत्र्याची कुठून
- पुढे शेड कोणत्या बाजूला वाढवायचं

एखाद्या गाळ्यात ब्रेसिंगची फुली (एकमेकांना छेदणारे दोन तिरपे अँगल किंवा सळया) शक्यच नसेल तर घाबरू नका. तिथे जाड लोखंडाची पोर्टल फ्रेम, म्हणजे दाराच्या चौकटीसारखी कडक फ्रेम, देता येते. तिच्यातून गाडी जाते आणि जोरही उतरतो. लोखंड जास्त लागतं, पण डिझाइनच्या वेळी ठरलं तर तो खर्च झेपतो.

३. माती तपासून घ्या

आपल्याकडे दोन प्लॉट सोडून माती बदलते. कुठे चार फुटांवर मुरूम लागतो, कुठे काळी माती खोल जाते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेजाऱ्यानं पाच फूट खोदलं म्हणून आपणही पाच फूट, हा हिशेब धरू नका. अहवालात जमिनीची भार पेलण्याची सुरक्षित क्षमता आणि पाया किती खोल न्यायचा हे स्पष्ट लिहून घ्या.

शिरोलीकडे प्लॉट असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या कारखान्यांत विचारा. जोत्याची उंची त्यावरून ठरवा.

४. इंजिनियरकडे जाताना काय न्यायचं, काय मागायचं

सोबत न्यायची कागदपत्रं: प्लॉटचा करार किंवा सातबारा, मोजणीचा नकाशा, माती परीक्षण अहवाल, वरचा ग्राफ पेपर, आणि क्रेन असेल तर पुरवठादाराकडून चाकावर येणाऱ्या भाराचा तक्ता. एमआयडीसीच्या प्लॉटचा नकाशा एमआयडीसीच मंजूर करते. महापालिका हद्दीत महापालिका. कारखान्यांसाठीच्या सुरक्षा कायद्याखाली येत असाल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची मंजुरी आणि इमारतीच्या स्थिरतेचं प्रमाणपत्र लागतं, ते कोण देणार हे पहिल्याच बैठकीत ठरवा.

मग त्याला हे प्रश्न विचारा. चांगला इंजिनियर अशा प्रश्नांनी चिडत नाही.

*वारा कोणता धरला?* भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागातल्या नकाशानुसार आपल्या भागासाठी मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. हा सरासरी वारा नव्हे, झोताचा वेग आहे. जोतिबाची चैत्र यात्रा झाली की वळवाची चाहूल लागते. दुपारभर उकडतं आणि चारच्या सुमारास धुळीचा लोट उठून दहा मिनिटांत पत्रे खडखडायला लागतात, हे आपण दरवर्षी बघतो.

*गेट उघडं असताना काय होईल?* वाऱ्याच्या बाजूचं शटर उघडं राहिलं की हवा आत शिरून छताला आतून वर ढकलते, आणि बाहेरचा वारा त्याच छताला वरून ओढतो. दोन्ही जोर एकाच दिशेचे. भिंतीत उघडा भाग जितका जास्त, तितका मानकात आतला दाब जास्त धरतात. बंद शेड धरून केलेलं डिझाइन मोठं गेट असलेल्या शेडला चालत नाही.

*भूकंप धरला का?* भूकंपाबद्दलच्या भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत कोल्हापूर झोन ३ मध्ये आहे. सध्या कोणती आवृत्ती धरायची तेही विचारून घ्या. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप घरातल्या वडीलधाऱ्यांना आजही आठवतो. नुसतं पत्र्याचं शेड हलकं असतं, त्यामुळे तिथे बहुधा वाराच निर्णायक ठरतो. पण वर काँक्रीटचा पोटमाळा किंवा टाकी आली की वजन वाढतं, आणि भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो.

*माथा किती हलेल?* पोलाद न तुटणं पुरेसं नाही. पोलादी बांधकामाच्या भारतीय मानक ८०० प्रमाणे क्रेन नसलेल्या, पत्र्याच्या शेडमध्ये खांबाचा माथा उंचीच्या १/१५० पर्यंत सरकलेला चालतो. ६ मीटरला ४० मिलिमीटर. वीटकाम जोडलेलं असेल तर १/२४०, म्हणजे २५ मिलिमीटरच. पत्र्याचं डिझाइन करून घेतलं आणि नंतर हौसेनं विटांची भिंत खांबाला भिडवली, तर भिंतीला तिरपे तडे जातात ते यामुळे.

स्टॅडसारख्या सॉफ्टवेअरमधली दोनशे पानं तुम्हाला वाचता येणार नाहीत, मलाही येत नाहीत. पण तीन गोष्टी मागून घ्या: धरलेल्या भारांचं एक पान, प्रत्येक खांबाच्या पायथ्याशी येणारा जोर (खाली किती, वर उचलणारा किती, आडवा किती), आणि माथ्याचं सरकणं.

५. ढोबळ हिशेब स्वतः करून बघा

याला पाव तास लागतो आणि डोळे उघडतात.

वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे: ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. ०.६ × ३९ × ३९ म्हणजे ९१२ न्यूटन प्रति चौरस मीटर, सुमारे ९३ किलो. टोकाच्या भिंतीचं क्षेत्रफळ वरच्या त्रिकोणासकट साधारण ९५ चौरस मीटर. गुणाकार केला की जवळपास ८.८ टन. त्यातला अर्धा भिंतीच्या खांबांतून थेट जमिनीत जातो, अर्धा छताच्या पातळीवर येतो: ४.४ टन. दोन बाजूच्या भिंतींत वाटला की प्रत्येकी २.२ टन.

ब्रेसिंगचा गाळा ६ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच असेल तर तिरपी लांबी साधारण ८.५ मीटर. आडव्या २.२ टनांसाठी तिरप्या अँगल किंवा सळईमध्ये २.२ × ८.५ ÷ ६, म्हणजे सुमारे ३.१ टन ताण येतो. आणि त्याच वेळी त्या गाळ्यातला वाऱ्याकडचा खांब २.२ टनांनी वर उचलला जातो.

हा शेवटचा आकडा नीट बघा. एक घनमीटर काँक्रीट अडीच टनांच्या आसपास भरतं. म्हणजे नुसतं ब्रेसिंगचं उचलणं थोपवायला जवळपास एक घनमीटरचा पाया लागतो, आणि छताला वर ओढणारा वारा अजून धरलेलाच नाही. पत्रा, पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या) आणि फ्रेम मिळून चौरस मीटरला पंचवीस-तीस किलोच वजन असतं, आणि वारा त्र्याण्णव किलोच्या हिशेबात खेचतो. शेडचा पाया खाली खचू नये एवढ्यासाठी नसतो, शेड उडू नये म्हणूनही असतो. "एवढ्या हलक्या शेडला एवढा पाया कशाला?" असं कुणी म्हणालं तर त्याला हा हिशेब दाखवा.

इंजिनियरचे आकडे यापेक्षा वेगळे येतील, कारण तो उंची, भूभाग, इमारतीचा आकार आणि सुरक्षिततेचे गुणक लावतो. पण त्याचं उत्तर तुमच्या उत्तराच्या दहापट किंवा दहावा भाग आलं, तर कारण विचारा.

६. ब्रेसिंगचा प्रकार आणि जागा

सळईची फुली सगळ्यात स्वस्त. सळई फक्त ताण घेते, दाबली की लगेच वाकते, म्हणून फुलीच लागते: वारा इकडून आला की एक काम करते, तिकडून आला की दुसरी. २० मिलिमीटरची सळई वरचे ३.१ टन आरामात घेते. खरा सापळा ताकदीचा नाही, ढिलेपणाचा आहे. झोळ पडलेली सळई शेड थोडं कलल्याशिवाय ताणलीच जात नाही. म्हणून टर्नबकल (सळई ताणायचा आट्यांचा जोड) हवंच, आणि ते फिरवून सळई ताठ केलेली हवी.

अँगल किंवा पाइप थोडा दाबही घेतात. पण इथे लांबी फार महत्त्वाची. आधाराशिवायची लांबी दुप्पट झाली की वाकण्याआधी घेता येणारा दाब चौथ्या भागावर येतो. म्हणून दोन अँगल जिथे एकमेकांना छेदतात तिथे बोल्ट मारायचा असतो. ड्रॉइंगमध्ये तो असतो, साइटवर बऱ्याचदा नसतो. क्रेन असलेल्या शेडला सळई नको, अँगल किंवा पाइपच घ्या. क्रेन रोज धक्के देते, सळई ढिली होत जाते.

जागेचा नियम साधा: छतातलं आणि भिंतीतलं ब्रेसिंग एकाच गाळ्यात, दोन्ही बाजूंना समोरासमोर. बाकीच्या फ्रेमा छताच्या कडेनं आडव्या पाइपनं (टाय पाइप) त्या गाळ्याला बांधलेल्या.

आणि फ्लाय ब्रेस विसरू नका. पर्लिनपासून राफ्टरच्या खालच्या फ्लँजला (राफ्टरची खालची सपाट पट्टी) जाणारे हातभर लांबीचे अँगलचे तुकडे ते हेच. वारा छत वर उचलतो तेव्हा राफ्टरच्या खालच्या फ्लँजवर दाब येतो आणि ती बाजूला पळू बघते. वरच्या फ्लँजला पर्लिन धरतात, खालच्या फ्लँजला हे तुकडेच. "साहेब, हे बारके तुकडे राहू द्या, दिसायला बरं नाही दिसत," असं मला सांगितलं होतं. राहू देऊ नका.

७. कोटेशन घेताना

फॅब्रिकेटर किलोवर दर देतो. कमी वजनाचं कोटेशन दिसलं की आधी बघा, ब्रेसिंग, फ्लाय ब्रेस, सॅग रॉड (पर्लिन झुकू नयेत म्हणून त्यांना जोडणाऱ्या सळया) आणि टाय पाइप त्यात धरलेत का. बहुतेक वेळा फरक तिथेच निघतो. अमुक फूट बाय अमुक फूट शेड, एवढ्यावर कोटेशन मागूच नका. इंजिनियरचं ड्रॉइंग तीन जणांना द्या आणि त्याच ड्रॉइंगवर तिघांचे दर घ्या. लोखंडाच्या प्रत्येक लॉटसोबत मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा.

८. उभारणीच्या दिवशी

माझं पहिलं शेड इथेच चुकलं.

एप्रिल संपत आला होता. दिवसभरात चार फ्रेमा उभ्या राहिल्या. पर्लिन थोडेच लागले होते, ब्रेसिंगचे अँगल खाली ढीग करून ठेवलेले. मी विचारलं, "मिस्त्री, तिरपे अँगल कधी?" "सगळी लाइन झाली की एकदम मारूया, अण्णा. सकाळी." मला ते पटलं. रात्री नऊला वळीव आला. सकाळी गेलो तर चारही फ्रेमा एकाच बाजूला कललेल्या. ओळंबा सोडायची गरजच नव्हती, फाटकातूनच दिसत होतं. खाली बसून बेस प्लेट बघितली. एका बाजूनं ती पायावरून बोटभर उचललेली, फाउंडेशन बोल्ट नटाच्या खाली वाकलेले, भोवतीचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटलेलं. रात्री साइटवर कुणी झोपलं नव्हतं, हे आमचं नशीब. फ्रेमा उतरवल्या, चार पाये फोडून पुन्हा भरले.

शेड पूर्ण झाल्यावर जेवढं मजबूत असतं, त्यापेक्षा उभारणीत ते कितीतरी कमकुवत असतं. म्हणून:

- उभारणी ब्रेसिंगच्या गाळ्यापासूनच सुरू करा.
- पहिल्या दोन फ्रेमा उभ्या राहिल्या की त्यांच्यातले पर्लिन, छताचं आणि भिंतीचं ब्रेसिंग लगेच. ओळंब्यात घ्या, नट आवळा, मगच तिसरी फ्रेम.
- तोवर प्रत्येक फ्रेमला दोन्ही बाजूंनी तारेच्या दोराचा ताण, जमिनीत पक्क्या खुंटाला.
- संध्याकाळी काम थांबताना अर्धवट फ्रेम मोकळी ठेवायची नाही. क्रेनचं भाडं वाढलं तरी चालेल.
- ओळंबा साधल्यावर बेस प्लेटखाली ग्राउट (फट भरायचा सिमेंटचा मसाला) लगेच भरून घ्या.
- भोक जुळत नाही म्हणून कटरनं मोठं करायला निघाले तर काम थांबवून इंजिनियरला फोन करा.

९. दरवर्षी वळवाआधी

होळी झाली की एक सकाळ यासाठी काढा. सळया हातानं हलवून बघा, झोळ असेल तर टर्नबकल फिरवा. फुलीच्या मधल्या बोल्टला पाना लावा. मग गुडघ्यावर बसून खालच्या गसेट प्लेट (ब्रेसिंग खांबाला जोडणाऱ्या प्लेट) बघा. कूलंट आणि फरशी धुतलेलं पाणी नेमकं तिथे साचतं. रंग वरून चांगला दिसतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा, आत रुतलं तर प्लेट बदलायची वेळ आली. जोड फरशीत पुरलेला असेल तर भोवतीचं फोडून मोकळा करा.

माझ्या दुसऱ्या शेडमध्ये भिंतीचं ब्रेसिंग पिवळं रंगवलंय, माणसाच्या उंचीवर लाल अक्षरांत "कापू नका, मालकाला विचारा" लिहिलंय. गेल्या वर्षी केबल ट्रे टाकणारा मुलगा कटर घेऊन तिथवर आला, ते वाचून मला बोलवायला ऑफिसात आला. ट्रे दीड फूट वरून नेला.